‘कानून’मधला कालिदास माझा अशील असता तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबांबरोबर बी. आर. चोप्रांचा १९६० सालचा ‘कानून’ पाहिलात. सुरुवातीलाच कालिदास भर कोर्टात म्हणतो, गणपतचा खून मी केला, पण याच गणपतच्या खुनाची शिक्षा मी आधीच भोगून आलोय. तेव्हा गणपत जिवंत होता. मग आता मला पुन्हा शिक्षा कशी करणार? आजोबांचं म्हणणं, बरोबर आहे त्याचं, एका गुन्ह्याला दोनदा शिक्षा नाही. तुम्ही लॉ कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, तुम्हाला ते पटेना, आणि पैज लागली. शिवाय विचारलंय की त्याच चित्रपटात खुनाच्या आरोपात सापडणाऱ्या कालियासारखा निरपराध माणूस प्रत्यक्षात असा अडकू शकतो का, आणि अडकला तर वकील नेमकं काय करतो.

मी तीसेक वर्षं सत्र न्यायालयात बचावाची कामं करतोय. हा चित्रपट कितीदा पाहिला त्याचा हिशोब नाही. उत्तर देताना शेवट फोडावाच लागेल, तेव्हा ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी पाहून यावं. एकही गाणं नाही त्यात.

पैज तुम्ही जिंकलीत. कालिदासचा युक्तिवाद कोर्टात पाच मिनिटंही टिकणार नाही. का, ते समजायला दोषारोप कसा लिहितात ते बघा. न्यायाधीश आरोपीला उभं करून वाचून दाखवतात : ‘तू अमुक तारखेस, रात्री अमुक वाजण्याच्या सुमारास, मौजे अमुक येथे, अमुक यास ठार मारलेस.’ तारीख, वेळ, जागा, माणूस. यातलं काही मोघम राहिलं तर आम्ही पहिला हात तिथेच घालतो. आता कालिदासचे दोन दोषारोप शेजारी ठेवा. माणूस एकच, पण तारीख वेगळी, कृती वेगळी. पहिल्या तारखेला खून झालाच नव्हता, दुसऱ्या तारखेला झाला. संविधानाच्या अनुच्छेद २० (२) मध्ये जे संरक्षण आहे ते ‘त्याच गुन्ह्यासाठी’ आहे. ‘त्याच माणसासाठी’ असं कुठेही लिहिलेलं नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ४०३ होतं, १९७३ च्या संहितेत ३०० झालं, आणि १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेत ३३७ आहे. आकडे बदलले, तत्त्व तेच. एखाद्याच्या खुनाची शिक्षा आगाऊ भोगली म्हणून त्याला मारण्याचा परवाना मिळत नाही. आजोबांना वाईट वाटू देऊ नका. चाळीसेक वर्षांनी हॉलिवूडनंही याच गैरसमजावर एक अख्खा चित्रपट काढला आणि तो चाललाही.

उलट त्या काळात कालिदासचं प्रकरण त्याला वाटतं त्याहून वाईट होऊ शकलं असतं. भारतीय दंड संहितेत तेव्हा कलम ३०३ होतं : जन्मठेपेची शिक्षा चालू असताना खून केला तर फाशीच, न्यायाधीशाला दुसरा पर्याय नाही. कालिदास कशानं बाहेर आला यावर सगळं अवलंबून. शिक्षा पूर्ण माफ झाली असेल तर ३०३ लागत नाही. अटींवर सुटला असेल तर सरकारी वकिलानं ते कलम नक्की पुढे केलं असतं. १९८३ मध्ये मिठू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलं. म्हणजे आज निदान शिक्षेच्या मुद्द्यावर मला बोलता तरी येईल, आणि तिथे बोलण्यासारखं पुष्कळ आहे. खोट्या आरोपात उमेदीची वर्षं गेलेला माणूस, ज्याच्यापायी गेली तो समोर जिवंत दिसला. खुनाला कमी गंभीर गुन्हा ठरवणारा ‘अचानक आणि गंभीर चिथावणी’चा अपवाद मिळेल असं मी अशिलाला सांगणार नाही, कारण तो त्याला शोधून मारतो की अवचित भेट होते यावर ते ठरेल. पण फाशीपासून वाचवायला एवढं पुरावं.

खरी मेख कालिदासच्या पहिल्या खटल्यात आहे आणि त्याबद्दल कुणीच विचारत नाही. गणपत जिवंत असताना त्याच्या खुनाची शिक्षा लागलीच कशी?

लोकांना वाटतं मृतदेह नाही तर खटला नाही. तसं नाही. प्रेत नदीत वाहून गेलं, जाळून टाकलं, तरी इतर पुराव्यानं मृत्यू सिद्ध होत असेल तर शिक्षा होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८१ मध्ये रामानंद खटल्यात स्पष्ट केलंय. आणि तसं नसतं तर प्रेत पुरतं नाहीसं करणारा प्रत्येक जण सुटला असता. पण माझ्या मते जास्त धोका प्रेत न सापडण्यात नाही, भलतंच प्रेत सापडण्यात आहे. विहिरीत आठ दिवस पडलेलं प्रेत मी फोटोत पुष्कळदा पाहिलंय. चेहरा ओळखण्याच्या पलीकडे गेलेला असतो. मग घरच्यांना बोलावतात. ते कुठून ओळखतात? शर्टाचा रंग, करदोटा, हातावर गोंदलेलं नाव. गोंदण असेल तर ठीक. पण निळा शर्ट? बेपत्ता माणसाच्या आईला शवागाराबाहेर चार तास बसवून निळा शर्ट दाखवला तर ती रडतेच, आणि इन्क्वेस्ट, म्हणजे प्रेताच्या पंचनाम्यात लिहिलं जातं की ‘प्रेत आपल्या मुलाचे असल्याचे ओळखले’. आता डीएनए आहे. १९६० च्या आधी काय होतं? म्हणून ‘मेलेला’ माणूस जिवंत परत आल्याची बातमी आली की मी आधी एकच विचारतो : मग तेव्हा अग्नी दिला तो कोणाला?

तुमच्या पुढच्या प्रश्नाकडे वळतो, कालियाकडे.

धनिराम सावकाराचा खून होतो. तो होताना शेजारच्या खोलीतून पाहणारा एकच माणूस आहे, वकील कैलास. त्याला खुनी म्हणून दिसतात न्यायाधीश बद्रीप्रसाद, म्हणजे त्याचे गुरुतुल्य, होणारे सासरे. नंतर त्याच घरात शिरलेला भुरटा चोर कालिया पोलिसांच्या हाती लागतो आणि त्याच्यावर खुनाचा खटला उभा राहतो, तोही त्याच बद्रीप्रसादांसमोर. कालियाचं काम नाना पळशीकरांनी केलंय. फिल्मफेअर मिळालं त्यांना त्याचं. आरोपीच्या पिंजऱ्यात ते कसे उभे राहतात ते बघा. आपलं खरं कुणाला पटणार नाही हे आधीच कळून चुकलेला माणूस तसाच उभा राहतो. हे अभिनयातून शिकता येतं यावर माझा विश्वास नव्हता.

असा माणूस अडकू शकतो का? अडकतो, आणि त्याला कुणी मुद्दाम गुंतवावं लागतंच असं नाही. रात्री परक्या घरात, प्रेताजवळ, चोरीचा पूर्वेतिहास. तपास अधिकाऱ्याच्या डोक्यात गोष्ट तिथेच पूर्ण होते आणि पुढचा तपास त्या गोष्टीला टेकू देण्यापुरता उरतो. कालिया माझ्याकडे आला असता तर मी ‘मी खून केला नाही’ यापाशी अजिबात वेळ घालवला नसता, ते सगळेच म्हणतात. मी विचारलं असतं : कपड्यांवर रक्त किती आणि कुठे? सुऱ्याचा वार छातीत बसला तर मारणाऱ्याच्या बाहीवर, पुढच्या भागावर रक्त उडायला हवं. नुसता प्रेताला अडखळलेल्या माणसाच्या गुडघ्याला, तळव्याला लागेल. मृत्यूची वेळ शवविच्छेदन अहवालात काय? त्या वेळी तू कुठे होतास आणि तिथे तुला कुणी पाहिलं? चोरी करायला आलास तर मुद्देमाल काय मिळाला तुझ्याकडे? काहीच नाही? मग चोरीसाठी खून केला म्हणता, तर चोरी कुठाय?

परिस्थितिजन्य पुराव्याच्या, म्हणजे गुन्हा होताना पाहणारा कुणी नसलेल्या खटल्यात आमच्या हातातलं सर्वांत भक्कम हत्यार पुण्यातल्या एका खटल्यानं दिलंय. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९८४. सर्वोच्च न्यायालयानं त्यात पाच कसोट्या सांगितल्या आणि त्यांना ‘पंचशील’ म्हटलं. सगळ्यांचं सार असं की पुराव्याची साखळी इतकी पूर्ण हवी की आरोपी निर्दोष असण्याची एकही वाजवी शक्यता उरता कामा नये. कालियाच्या बाबतीत ‘खून आधीच झाला होता, मी नंतर शिरलो’ ही शक्यता उघडी राहते. ती खोडून काढायचं काम सरकार पक्षाचं.

हे सगळं कागदावर. प्रत्यक्षात किती चालतं ते वकील कोण, तो केव्हा मिळाला, आणि आरोपीकडे जामीनदार आहे का यावरही ठरतं. कच्चा कैदी म्हणून आत असलेला माणूस आपल्या बाजूचा साक्षीदार शोधायला जाऊ शकत नाही. कालियासारख्याला तर घरचं कुणी भेटायलाही येत नाही.

आता प्रत्यक्षदर्शी साक्षीदार, कारण ‘कानून’चा जीव तिथे आहे. शेवटी कळतं की धनिरामला मारणारा बद्रीप्रसाद नव्हतेच, त्यांच्यासारखा हुबेहूब दिसणारा दुसराच माणूस होता. पुष्कळांना ही पळवाट वाटते. मलाही कॉलेजात असताना वाटली होती. मत बदललं ते माझ्या स्वतःच्या एका खटल्यानं.

तालुक्याचं गाव, किराणा दुकान. रात्री चोरी, मालकाच्या डोक्यात पहार बसली आणि तो गेला. माळ्यावर झोपलेल्या भाच्यानं पळणारा माणूस पाहिला. पंधरा दिवसांनी पोलिसांनी ऊसतोडीला आलेला एक मजूर धरला. ओळख परेड झाली, नायब तहसीलदारांनी घेतली. भाच्यानं रांगेतून त्याला बरोबर उचलला. परेडचा पंचनामा मी पुन्हा पुन्हा वाचला. उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलप्रमाणे एका आरोपीमागे रांगेत निदान सहा डमी, म्हणजे संबंध नसलेली माणसं, हवेत, होते. साधारण एकाच वयाचे, एकाच चणीचे हवेत, होते. पोलीस खोलीबाहेर, दोन पंच हजर. कागदात कुठे फट नाही.

उलटतपासात पोरगा शांत होता. अठरा-एकोणीसचा असेल. खोटं बोलणाऱ्याला आम्ही थोडाफार ओळखतो, हा नव्हता. मी विचारलं, चेहरा किती वेळ दिसला? म्हणाला, पळता पळता वळला तेवढाच. आणि मग मी तो प्रश्न विचारला, जो विचारू नये असं पहिल्या दिवसापासून शिकवतात, कारण त्याचं उत्तर मला माहीत नव्हतं : मग परेडमध्ये खात्री कशावरून झाली?

तो म्हणाला, “चोर अनवाणी होता साहेब. परेडमध्येही तो एकटाच अनवाणी होता.”

कोठडीत घालताना आरोपीच्या चपला, पट्टा, करदोटा काढून घेतात. परेडच्या दिवशी त्याला तसाच आणला होता. डमी बाजारातून बोलावलेले, सगळे पायांत काहीतरी घालून आलेले. पंचनाम्यात उंची होती, वर्ण होता, सदऱ्याचे रंग होते. पाय कुणी लिहिलेच नव्हते. न्यायाधीशांनी ते वाक्य साक्षीदाराच्याच शब्दांत घ्यायला स्टेनोला सांगितलं. दुसरा पुरावा लंगडा होता, आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला.

निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर तो भाचा माझ्याकडे आला. चिडला नव्हता. विचारलं, “म्हणजे तो नव्हता का?” मी म्हटलं, मला माहीत नाही. अजूनही माहीत नाही. ‘कानून’ आणि माझं काम यात हा एवढा फरक आहे : चित्रपट पाहणाऱ्याला शेवटी सत्य कळतं.

तेव्हापासून खोट्या साक्षीदारापेक्षा मला प्रामाणिक साक्षीदाराची भीती जास्त वाटते. खोटा कुठेतरी सांधा सोडतोच, उलटतपास असतो तो सांधा शोधायला. प्रामाणिकपणे चुकलेल्याला उलटतपासाचं काय? तो ठाम असतो, रडतो, शपथ खाऊन सांगतो, आणि ते त्याच्यापुरतं खरंच असतं. कैलास तसा साक्षीदार आहे. तुम्ही म्हणाल, तो बद्रीप्रसादांना रोज पाहणारा, अनोळखी चेहऱ्याची गोष्ट वेगळी. आपल्याकडेही ओळखीच्या माणसाच्या साक्षीला जास्त वजन देतात. पण इंग्लंडच्या अपील न्यायालयानं १९७६ मध्ये टर्नबुल खटल्यात बजावून ठेवलंय की जवळच्या नातलगांना, मित्रांना ओळखण्यातही चुका होतात.

आणि हुबेहूब दिसणाऱ्या माणसाचं म्हणाल तर तेही घडलेलं आहे. लंडनमध्ये अ‍ॅडॉल्फ बेक नावाच्या नॉर्वेजियन माणसाला १८९६ मध्ये बायकांना फसवून दागिने लांबवल्याबद्दल शिक्षा झाली. एकामागून एक बायकांनी कोर्टात बोट दाखवलं, हाच तो. मूळ गुन्हेगाराची सुंता झालेली होती आणि बेकची नव्हती, हे १८९८ मध्ये सरकारी कागदांवर आलंसुद्धा. तरी शिक्षा कायम. १९०१ मध्ये सुटला, १९०४ मध्ये तशाच आरोपात पुन्हा दोषी ठरला, आणि शिक्षा सुनावायची बाकी असताना खरा माणूस पकडला गेला. बेकला माफी आणि ५,००० पौंड मिळाले. या प्रकरणानं उडालेल्या गदारोळातूनच १९०७ मध्ये इंग्लंडला फौजदारी अपिलाचं न्यायालय मिळालं.

इतक्या लांब कशाला, आपल्या राज्यातलंच बघा. २००३ च्या एका दरोडा आणि खुनाच्या प्रकरणात भटक्या जमातीतल्या ६ जणांना सत्र न्यायालयानं फाशीची शिक्षा दिली. उच्च न्यायालयानं तिघांची जन्मठेपेवर आणली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयानं फेरविचार करून सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि राज्य सरकारला प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला सांगितलं. घटनेतून वाचलेल्या साक्षीदारानं सुरुवातीला पोलिसांच्या अल्बममधून दुसऱ्याच चौघांचे फोटो ओळखले होते, त्यांचा तपासच झाला नव्हता. तो कागद फाइलमध्ये होता. सोळा वर्षं होता.

खून डोळ्यांनी पाहूनही कैलास कालियाचं वकीलपत्र घेतो. ते मात्र तुम्ही करू नका, वकिलीची सनद जाईल. आपण ज्या प्रकरणात साक्षीदार ठरू शकतो त्यात वकीलपत्र घ्यायचं नाही, हा बार कौन्सिलचा नियम आहे. खून होताना पाहिला तर पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना कळवणं हे कुणाचंही कायदेशीर कर्तव्य, तेव्हाही होतं. अशिलाची गुपितं राखण्याची ढालही इथे नाही, कारण त्यानं पाहिलं ते कालिया त्याचा अशील होण्याआधी, आणि डोळ्यांनी पाहिलं, कालियाकडून ऐकलं नाही. त्यानं जबाब द्यायचा, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहायचं, आणि कालियाला दुसरा वकील मिळू द्यायचा. बद्रीप्रसादांनीही खटला चालवायचा नाही. स्वतःचा संबंध असलेलं प्रकरण न्यायाधीशानं चालवू नये ही तरतूद १८९८ च्या संहितेतही होती. अर्थात हे सगळं नियमानं झालं असतं तर चित्रपट अर्ध्या तासात संपला असता.

कालिदासचा युक्तिवाद चूक, हे झालं. पण तो मरण्याआधी कोर्टाला आणखी एक विचारतो : माझी गेलेली वर्षं मला कोण परत देणार? आजोबांना हे नक्की सांगा, कारण तिथे ते हरलेले नाहीत. याचं उत्तर आजही कुठल्या कलमात नाही. बिहारमधल्या रुदुल शहाला १९६८ मध्ये कोर्टानं निर्दोष सोडलं आणि तो तुरुंगाबाहेर आला १९८२ मध्ये. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला ३०,००० रुपये द्यायला लावले, सरकारनं आधी दिलेल्या ५,००० च्या वर. तेव्हापासून असे पैसे मिळतात ते न्यायालयानं मनावर घेतलं तर. विधी आयोगानं २०१८ मध्ये २७७ वा अहवाल याच विषयावर दिला, चुकीच्या खटल्यात भरडलेल्यांना हक्कानं भरपाई मिळावी म्हणून. कायदा अजून झालेला नाही. माझा तो ऊसतोडीवाला सुटला तेव्हा जाताना त्यानं एकच मागितलं, कोठडीत घेतलेल्या चपला परत मिळतील का. मी अर्ज लिहून दिला. मिळाल्या नाहीत, मुद्देमालाच्या यादीत त्यांची नोंदच नव्हती.

पैज कशाची होती ते तुम्ही लिहिलं नाहीत. जेवणाची असेल तर बिल निम्मं-निम्मं करा.